पाय मुरगळल्यास अथवा हाड मोडल्यास घ्यावयाची काळजी

गडाच्या पायऱ्या उतरताना पाय घसरून हाड मोडण्याचा संभव असतो. अशा वेळी दुखावलेला भाग चोळू नये, ओढून सरळ करू नये. मोडलेल्या हाडाचे टोक रक्तवाहिनीस इजा करू शकते. मुरगळणे की अस्थिभंग, याचा निर्णय क्ष-किरण तपासणीवर सोपवावा.

मान वा पाठीस मार असल्यास जखमीस मुळीच हलवू नये. अन्यथा सूज चढण्यापूर्वी पैंजण व जोडवी काढून ठेवावीत. काठीचा आधार देऊन, दुखावल्या जागेच्या वरचा व खालचा सांधा स्थिर राहील असे उपरण्याने बांधावे. बोटे निळसर वा बधिर झाल्यास बंध सैल करावा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे धरावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर कळवावे.