व्हॅनला अलॉय घालण्याआधी

बाळा, अलॉय बघायला दुकानात जाण्याआधी खाली वाक आणि तुझ्या ईकोच्या टायरवर काय लिहिलंय ते वाच. १५५/६५ आर १३ असेल. १५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, टायरची भिंत त्या रुंदीच्या ६५ टक्के उंच, आणि रिम १३ इंची. खालची-वरची भिंत आणि मधली रिम मिळून चाक भरतं ५३२ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेव. रिम मोठी केलीस की भिंत बुटकी व्हायला हवी, चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहायला हवी.

दुकानदार १४ इंची रिमवर हाताशी असलेला १७५/६५ चढवून देईल. ते चाक ५८३ चं, म्हणजे जवळजवळ दहा टक्के उंच. काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ८८ ने पळत असेल. आणि भरल्या गाडीने कुंभार्ली घाट चढताना इंजिनाचा दम निघेल तो वेगळाच. त्यापेक्षा १६५/५५ आर १४ बघ. उंची ५३७, फरक एक टक्का. हिशेबात चोख बसतो.

पण व्हॅनला तेवढ्यावर भागत नाही. साइजच्या पुढे एक अंक असतो, तो लोक वाचतच नाहीत. ७३ म्हणजे एक टायर ३६५ किलो पेलतो, ७२ म्हणजे ३५५, ७५ म्हणजे ३८७. १६५/५५ वर बहुधा ७२ असतो. दिसायला रुंद, दणकट, पण वजन पेलायला मूळच्या ७३ पेक्षा कमी! वजन पेलते ती आतली हवा, आणि बुटक्या टायरात हवेला जागा कमी. १६५/६० आर १४ ला ७५ मिळतो, पण तो चार टक्के उंच. कंपनीच्या टायरवरच्या अंकाखाली जायचं नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. रिमच्या मागेही किती वजन पेलते ते ओतलेलं असतं. आकडा नसेल तर ती रिम उचलू नकोस.

माझं विचारशील तर रोज सगळ्या सीटा भरून धंदा करणाऱ्याने १३ इंची अलॉय घ्यावं आणि टायर मूळ मापाचाच ठेवावा. दिसायचं ते दिसतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही कंपनीच्या मापापासून दूर जाऊ देत नाही, आणि पासिंगच्या दिवशी आरटीओत वाद घालत बसणं परवडत नाही. शिवाय खड्ड्यात लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला तडा जातो. टायरची भिंत जितकी बुटकी तितका हा धोका जास्त.

बसवताना चार भोकांचं अंतर मोजून घे. १०० आणि ११४.३ अशी दोन्ही मापं बाजारात असतात. 'बसतंय की' म्हणून नट ओढू देऊ नकोस. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिंग घाल, नाहीतर स्टिअरिंग थरथरेल. ऑफसेटचा आकडा जुन्या रिमशी ताडून बघ. चाक फार बाहेर आलं की बेअरिंग आधी जातं. स्पेसरच्या नादाला लागू नकोस. चाक मडगार्डला घासतं का, हे गाडीत माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ. रिकाम्या गाडीत कधीच घासत नाही.

टायरवरची तारीखही वाच. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. नवी चाकं शंभरेक किलोमीटर चालली की नट पुन्हा आवळून घे.

आणि स्टेपनी. चाकाची उंची बदललीस तर जुनी स्टेपनी मागच्या चाकाला लावून लांब जाऊ नकोस. ईको मागच्या चाकांवर ओढते, दोन उंचीची चाकं लावलीस तर डिफरन्शिअल विनाकारण झिजतं. अलॉयचे नट लोखंडी डिस्कला नीट बसतीलच असं नाही, म्हणून जुने नट फेकू नकोस, पिशवीत घालून जॅकजवळ ठेव.