📁 *फवारणीच्या नोंदी कॉम्प्युटरवर घेताना*

मोबाइलमधल्या नोंदी, फोटो फ्रीफाइलसिंकने कॉम्प्युटरवर घेता ना? मग हे वाचाच.

कॉपी करण्याआधी ते दोन्ही फोल्डरची तुलना करतं. तिथे ‘फाइल साइज’ निवडलं तर फक्त आकार बघतं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चुकून लिहिलेलं 21 मिली तुम्ही 12 केलं, तरी आकार तोच! कॉम्प्युटरवर चुकीचा डोस तसाच राहतो. म्हणून ‘फाइल टाइम अँड साइज’ ठेवा. शंका आली तर ‘फाइल कंटेंट’. वेळ खातं, पण फाइल आतून तपासतं.

⚠️ ‘मिरर’ जपून. मोबाइल भरला म्हणून फोटो डिलीट केलेत, तर ते कॉम्प्युटरवरूनही काढतं. मोबाइल डावीकडे घेऊन ‘अपडेट’ निवडा. ‘कम्पेअर’नंतर येणारी यादी बघितल्याशिवाय ‘सिंक्रोनाइझ’ दाबू नका.