ताडाचा रस आणि डॉ. कमला सोहोनी



वसई-विरारपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीत ताडाची उंच झाडे तुम्ही पाहिली असतील. ताडाच्या फुलोऱ्याचा दांडा छेदून त्याखाली मडके बांधतात. रात्रभर त्यात थेंब थेंब रस साठतो. सूर्य उगवण्यापूर्वी उतरवलेला हा ताजा, गोड रस म्हणजे नीरा. तीच उन्हात राहिली की फेसाळते, आंबते आणि तिची ताडी होते. असे का बरे होते?

याचे कारण आहे सूक्ष्म जीव. नीरेच्या 100 भागांत साधारण 10 ते 12 भाग साखर असते. हवेतून आणि मडक्यातून आलेल्या यीस्टच्या पेशी या साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतात. फेस येतो तो या वायूमुळे. काही जीवाणू आम्ले तयार करतात, म्हणून रस आंबट होतो. मडक्याला आतून चुना लावला तर रस अल्कधर्मी होतो आणि सूक्ष्म जीवांची वाढ रोखली जाते. थंडाव्यात ठेवूनही ती मंदावते.

या साध्या पेयात पोषक असे काय आहे, याची प्रयोगशाळेत कसून तपासणी केली ती एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीने. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

रसायनशास्त्राचे घर

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत अगदी सुरुवातीच्या काळात शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. थोरली बहीण म्हणजे प्रसिद्ध लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत. अशा घरात मुलीने शास्त्र शिकावे यात नवल नव्हते. नवल पुढेच घडले.

एक वर्षाची परीक्षा

1933 साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि त्यांनी वडिलांच्याच संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच : अर्जदार मुलगी होती. गुण कमी पडले असते तर अभ्यास वाढवता आला असता. पण याला काय उपाय? कमलाबाईंनी गांधीजींचा मार्ग धरला. नाही म्हणण्याचे कारण द्या, तोवर येथून हलणार नाही, असा सत्याग्रहच त्यांनी मांडला. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते आणि काम समाधानकारक ठरले तरच पुढची मान्यता मिळणार होती.

श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. एका विद्यार्थिनीच्या चिकाटीने उघडलेले दार सर्वांसाठी उघडे राहिले.

बटाट्यातला शोध

पुढे कमलाबाई इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन आढळले. पेशी श्वसन करते, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवते, तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोचवण्याचे काम हे प्रथिन करते. म्हणजे प्राणी असो वा बटाटा, श्वसनाची मूळ यंत्रणा सारखीच! अवघ्या 40 पानांच्या प्रबंधावर 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय महिलांपैकी त्या एक होत.

नीरेची तपासणी

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. 1947 मध्ये विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. दोन मुलांचा संसार सांभाळून त्यांनी संशोधन केले आणि विद्यार्थी घडवले. पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले. रस आटवून केलेल्या गुळातही ती टिकतात असे दिसून आले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

महागड्या औषधाऐवजी गावातल्याच झाडाकडे पाहावे, पण ऐकीव गुणांवर विसंबू नये, प्रयोगाने पारखून घ्यावे, हा त्यांच्या कामाचा धडा आहे. 1998 साली त्यांचे निधन झाले.

करून पाहा

कागदाच्या पट्टीला हळदीचे पाणी लावून ती वाळवा. तिच्यावर चुन्याच्या निवळीचा एक थेंब टाका. पट्टी लाल होईल. दुसऱ्या पट्टीवर उसाच्या रसाचा थेंब टाका आणि फरक पाहा. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि चाखू नका.

उत्तरे शोधा

1. आंबणारा रस बाटलीत घट्ट बूच लावून ठेवणे धोक्याचे का?
2. नीरा आटवून केलेला गूळ लवकर आंबत नाही. का?
3. तुमच्या परिसरातील कोणत्या स्वस्त खाद्यपदार्थाचे पोषणमूल्य तपासावे असे तुम्हाला वाटते? कोणकोणते घटक तपासाल?