पानांतील पाणी आणि आकाशातील दृष्टी

पान पिवळे पडले की झाडाला पाणी कमी पडत आहे, असे आपण म्हणतो. परंतु पिवळेपणा हे उशिरा दिसणारे लक्षण होय. पान हिरवे असतानाच त्यातील पाणी घटू लागलेले असते. अफाट अरण्यात ही घट वेळीच कशी ओळखावी? येथे दूरसंवेदन उपयोगी पडते.

सूर्यप्रकाशातील तांबडे व निळे किरण पानातील हरितद्रव्य शोषून घेते. ०.८ मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण मात्र पानाच्या पेशीरचनेमुळे मोठ्या प्रमाणात परत फेकले जातात. त्याहून अधिक लांबीच्या किरणांवर पाण्याचा अंमल चालतो. १.४५ व १.९४ मायक्रॉनजवळ पाण्याचे शोषण फार तीव्र असते. परंतु जवळजवळ त्याच जागी हवेतील बाष्पही प्रकाश अडविते. यास्तव उपग्रहासाठी १.६ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा निवडतात. तेथे हवा पुरेशी पारदर्शक असते व पानातील पाण्याचा प्रभावही जाणवतो. पान सुकू लागले म्हणजे या पट्ट्यातील परावर्तन वाढते. त्याची ०.८ मायक्रॉनजवळील परावर्तनाशी तुलना केली असता वृक्षछत्रातील पाण्याचा अंदाज येतो. भारताच्या १९९५ सालच्या आय. आर. एस.-१ सी या उपग्रहावर असा पट्टा टिपण्याची सोय होती.

या मोजणीचे महत्त्व कॅलिफोर्नियातील अवर्षणात दिसून आले. ग्रेगरी ॲस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातील उपकरणांची मोजमापे उपग्रहचित्रांशी जोडली. २०१२ ते २०१५ या काळात सुमारे १ कोटी ६ लाख हेक्टर वनातील वृक्षछत्रांचे पाणी घटले होते. त्यांपैकी सुमारे १० लाख हेक्टरांवर ही घट ३० टक्क्यांहून अधिक होती. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या वनखात्याने २०१० पासून तेथे मेलेल्या वृक्षांची संख्या १० कोटींवर गेल्याचे जाहीर केले.

तथापि हे आकडे विवेकाने वाचावे लागतात. आपल्याकडील साग कोरड्या ऋतूत पाने गाळतो. त्या वेळी उपग्रहाला पाणी कमी दिसले, तरी झाड मरत नसते. म्हणून एका महिन्याची तुलना मागील वर्षांच्या त्याच महिन्याशी करावी. शिवाय वनात जाऊन काही पाने तोडावीत, ती ताजी असताना व भट्टीत वाळविल्यावर तोलावीत. दोन वजनांतील फरक म्हणजेच पानातील पाणी. उपग्रहाच्या अंदाजाची खरी कसोटी या साध्या तराजूवरच लागते.