पावसाळ्यातले बेट

चारही बाजूंनी पाणी आणि मधे जमीन, त्याला बेट म्हणतात. आपल्या विदर्भात समुद्र नाही. मग इथे बेट कुठले? पण एक आहे. ते पावसाळ्यात तयार होते.

गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून भामरागड आहे. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. मोठा पाऊस झाला की नद्या फुगतात, रस्ता पाण्याखाली जातो. पूर्वी तर कित्येक आठवडे गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. अशा वेळी कोणी आजारी पडला तर काय करायचे? कोणाला हाक मारायची?

भामरागडजवळ हेमलकसा नावाचे गाव आहे. तिथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी तिथे राहायला गेले. दोघेही नागपूरला डॉक्टरकी शिकलेले. शहरात दवाखाना घातला असता तर पैसा मिळाला असता. त्यांच्याबरोबर काही तरुण कार्यकर्तेही गेले. राहायला झोपड्या होत्या. वीज नव्हती.

सुरुवातीला रोगी येईनात. तिथले माडिया लोक अनोळखी माणसाला भीत. त्यांची भाषा डॉक्टरांना येत नव्हती. मग डॉक्टर ती भाषा शिकले. पुढे एक भाजलेला रोगी आला. आकडी येऊन तो विस्तवात पडला होता. घरच्यांनी आशा सोडली होती. औषधपाणी झाले, रोज जखमा धुतल्या, आणि तो बरा झाला. ही बातमी पाड्यापाड्यांत गेली. मग लोक मैलोगणती चालत येऊ लागले.

आता विचार करा. ही माणसे तिथे का राहिली?

पहिले कारण : गरज डोळ्यांसमोर होती. गावात दहा डॉक्टर असले तर माणूस म्हणतो, "दुसरा कोणी पाहील." बेटावर दुसरा कोणी नसतो.

दुसरे कारण : केलेल्या कामाचे फळ दिसते. मेलेला समजून आणलेला माणूस उठून बसला, की करणाऱ्याला जे समाधान मिळते ते पगाराने मिळत नाही.

तिसरे कारण नावातच आहे. बिरादरी म्हणजे भाऊबंदांचे नाते. तिथे एक देणारा आणि एक घेणारा, असे कायम राहत नाही. हेमलकशाला १९७६ साली शाळा निघाली. त्या शाळेत शिकलेली मुले पुढे शिक्षक झाली, डॉक्टरही झाली. काहीजण परत येऊन आपल्याच लोकांत काम करू लागले. काल ज्याने घेतले, तो आज देतो. आपणही पेरणीला शेजाऱ्याचा बैल आणतो आणि आपला बैल त्याला देतो. हे तसेच आहे.

पुष्कळ लोक मला म्हणतात, "गुरुजी, आमच्यापाशी द्याले काय हाय?" अहो, अडचणीच्या वेळी प्रत्येक गाव बेटच असते. रात्री बाळंतीण अडली, तर पहिल्यांदा शेजारीच धावतो. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने गाडी द्यावी. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने विहिरीचा गाळ काढावा. आणि तुम्ही तर आता वाचायला शिकलात! शेजारच्या म्हातारीला तिच्या मुलाचे पत्र वाचून दाखवा. औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते सांगा. सरकारी अर्ज भरून द्या. यात खिशातला एक पैसा जात नाही.

मात्र दोन गोष्टी पाळा. सेवा केली म्हणून कोणाला मिंधे करू नका. आणि वर्गणी गोळा केली तर तिचा हिशेब लिहून पंचायतीच्या फलकावर लावा. हिशेब उघडा असला, तर पुढच्या वेळी लोक आपण होऊन हात पुढे करतात.

प्रश्न
१. भामरागडजवळ कोणत्या तीन नद्या भेटतात?
२. सुरुवातीला रोगी का येत नव्हते?
३. बिरादरी म्हणजे काय?
४. तुमच्या गावात कोणाला मदतीची गरज आहे? तुम्ही या आठवड्यात काय कराल? दोन ओळी लिहा.