गर्भाशयमुखाचा कर्करोग : बार्शी परिसराचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक असल्याचे या नोंदींवरून दिसून आले. बहुसंख्य स्त्रिया रोग बळावल्यावरच रुग्णालयात येत. अवेळी रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, ही लक्षणे संकोचापोटी घरातही सांगितली जात नसत. कार्यकर्त्यांनी गावोगावी माहिती दिल्यानंतर मात्र प्राथमिक अवस्थेतच उपचारासाठी येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले.

हा रोग मुख्यतः ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गामुळे होतो. संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा अनेक वर्षे जातात. तपासणीला वाव मिळतो तो याच काळात. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच विषाणू-चाचणी करून आवश्यक तेथे उपचार केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू, नेहमीचीच आरोग्यसेवा मिळालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्मे होते.

तक्रार नसतानाही तिशीनंतर तपासणी करून घेणे आणि मुलींना ९ ते १४ या वयात प्रतिबंधक लस देणे, हे दोन उपाय हितावह आहेत. ग्रामसभेत व शाळेच्या पालकसभेत हा विषय मोकळेपणाने मांडला गेला, तर संकोचाचा अडसर दूर होईल.