संक्षेपचिन्हांचा अर्थनिर्णय

टिपणांतील संक्षेपचिन्हांना स्वयंसिद्ध अर्थ नसतो. तो सान्निध्याने निश्चित होतो. 'ता. ५ जून' येथे 'ता.' म्हणजे तारीख, तर 'ता. चांदूर रेल्वे' येथे तालुका. व्यक्तिनामापूर्वीचे 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, ग्रामनामापूर्वीचा 'रा.' मात्र 'राहणार' असे सुचवितो. मोडी कागदपत्रांतील 'क॥' (कसबे), 'प॥' (परगणे) ही चिन्हेही याच न्यायाने उलगडतात. परंतु टिपणात तालुका म्हणून केवळ 'चांदूर' लिहिल्यास अर्थ संदिग्ध होतो; कारण अमरावती जिल्ह्यातच चांदूर बाजार हाही तालुका आहे. तात्पर्य, सान्निध्यावरून जे पुन्हा मिळविता येते, तेवढेच गाळावे. भेददर्शक पद गाळणे हा संक्षेप नव्हे, अर्थलोप होय.